दक्षिणेकडं तोंड केलेली छत्री

१९ जून. लोहा. आभाळ भरलेलं, वारा पडलेला. पाऊस नाही.

आम्ही गावोगाव इंटरनेटच्या छत्र्या, म्हणजे डिश, बसवतो. जाताना गाडीत नट-बोल्टचे पाने आणि केबल असतात. येताना किस्से भरलेले असतात.

आज मात्र मी आणि माझे फिटर मुनीरभाई गप्प होतो. डोंगराआडच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही. तिथं किसननानांच्या स्लॅबवर आमची छत्री आहे. नानांच्या पत्नी गयाकाकू लातूरच्या दवाखान्यात. अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेलेली. दुपारी नानांचा त्यांच्याशी व्हिडिओ कॉल ठरला होता, म्हणून छत्री तपासायला निघालो होतो. वाचा परत येईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

शांतता सहन होईना, तेव्हा मुनीरभाईंनीच जुनं काढलं.

*

आमचा उपग्रह लहान, आपल्या भागापुरताच. पृथ्वीच्या चालीनं फिरतो, म्हणून आकाशात एका जागी थांबल्यासारखा असतो. हे सांगितल्यावर लोह्यातल्या एका गुरुजींनी विचारलं, "इतक्या वर लटकून हाय, तर खालून आधार काय?"

मुनीरभाई म्हणाले, "आधार असता गुरुजी, तर त्याला रंग द्यायला बी आम्हालाच धाडलं असतं!"

*

अर्धापूरला छत्रीपुढं केळीची रोपं होती, गुडघ्याएवढी. आम्ही दुर्लक्ष केलं. पावसाळ्यानंतर तक्रार आली, नेट बंद. जाऊन पाहतो तर छत्रीसमोर नुसती पानं!

"ही चार झाडं काढावी लागतील," मी म्हणालो.

मालक घडाकडं बघत म्हणाले, "केळीचं नाव काढू नका साहेब. तो उपग्रहच जरा सरकवून घ्या की!"

छत्री गच्चीवर गेली. केळी राहिली.

*

उपग्रह फार लांब, त्यामुळं बोललेलं वर जाऊन खाली यायला जरा वेळ लागतो. धर्माबादचे एक शेठ व्हिडिओवर मिरची खरेदी करायचे. समोरचा भाव सांगायचा, शेठचं "बरं" पोचायला उशीर व्हायचा. त्याला वाटायचं, शेठ नाराज झाले. तो आपणहून भाव उतरवायचा.

मी म्हणालो, "यावर काही उपाय होतो का, बघू?"

शेठनी दोन्ही हात जोडले. "मशीनला हात लावू नका!"

*

मग वाडीचा किस्सा आपोआप आला. नानांकडची छत्री बसवून आलो आणि आठवड्यात बंद. चढून पाहिलं तर तोंड पूर्वेला! बोल्ट नीट खोलून, फिरवून, पुन्हा आवळलेले.

"म्या फिरवली," गयाकाकू खालून म्हणाल्या. "घरावर दक्षिणेकडं तोंड करून काई ठेवतेत व्हय? उगवतीकडं केली."

"काकू, उगवतीला देव हाय, सिग्नल न्हाई!" मुनीरभाई म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. "माझ्या घराला काई झालं तर?"

"काई होत न्हाई," नाना म्हणाले. "फिरवा हो तुम्ही दक्षिणेला."

आम्ही फिरवली. त्याच उन्हाळ्यात झटका येऊन काकू पडल्या.

हा किस्सा मुनीरभाईंनी पुरा केला नाही. वाडी आली होती.

*

नाना स्लॅबवर, छत्रीपाशीच बसले होते. मी सिग्नल तपासला. चांगला होता.

"उगवतीला फिरवली तर कॉल लागंल का?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाना."

त्यांनी मान हलवली.

कॉल लागला. लातूरला त्यांच्या मुलीनं, सुमननं, फोन काकूंच्या तोंडासमोर धरला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र नानांवर.

"सुमनची माय," नाना म्हणाले, "शेळी व्याली. दोन पिलं हायेत." आणि थांबले. बोललं की थांबायचं, हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं.

काही आलं नाही.

"बाबा, ती अजून..." सुमन म्हणाली.

"थांब गं. वरून यायला येळ लागतो."

मुनीरभाईंनी माझ्याकडं बघितलं. एवढा वेळ लागत नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं. नाना फोन तसाच धरून थांबले.

काकूंचे ओठ हलले. आवाज जड, अर्धवट.

"छत्री... कुन्या तोंडाला हाय?"

नानांची मान खाली गेली. "दक्षिणेलाच हाय."

पुन्हा थांबणं.

"ऱ्हाऊ द्या."

आम्ही बोल्ट आवळून खाली उतरलो. छत्री दक्षिणेला आहे.