अंतिम सामन्याच्या दिवशीची वेचणी

कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळून जाताना सरकीचा तेलकट वास आला, की मला आमच्या कॉलेजचा फुटबॉलचा तो मोसम आठवतो. कापसाला भाव नव्हता, सगळीकडे उदास होतं, आणि आमचा यवतमाळचा संघ मात्र विद्यापीठाच्या अंतिम फेरीत पोचला होता. सामना दुपारनंतर होता, पण सकाळी जमायच्या वेळी गोलकीपर आलाच नाही. राळेगावकडच्या त्याच्या शेतात गेलो, तर तो मायसोबत कापूस वेचत होता आणि वर आभाळ दाटून आलं होतं. "मजूर भेटून नाही राह्यले. कापूस भिजला तर सालच गेलं आमचं. मले नाही जमत," तो म्हणाला. कप्तानाने कमरेला दुपट्ट्याची ओटी बांधली आणि आम्ही सगळेच वेचायला लागलो. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघाली. दुपारी त्याची माय म्हणाली, "बस झालं रे पोरंहो, आता याले घेऊन जा." तशाच ओरखडलेल्या हातांनी त्याने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली आणि आम्ही जिंकलो. त्याला खांद्यावर घ्यायला वळलो, तोवर तो एसटीकडे धावत सुटला होता. अर्धं शेत अजून वेचायचं होतं. विजेतेपदाच्या ढालीसोबतच्या फोटोत आम्ही दहाच आहोत. माझी मुलगी मोजते आणि विचारते, अकरावा कुठे आहे? मी सांगतो, पावसाच्या आधी पोचला तो.