आईचा अंबाडा लांज्याला गेला

गेल्या मे महिन्यात लांज्याच्या एका हॉलमध्ये, ऐन लग्नात, माझ्या आईचा अंबाडा तिला सोडून निघून गेला. आई जागेवरच होती. अंबाडा पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे गेला. या प्रकाराची सगळी जबाबदारी घरच्यांनी एकमताने माझ्यावर टाकली आहे, आणि आमच्या घरात एकमत इतकं दुर्मीळ आहे की मला ते मोडवत नाही.

आईचा अंबाडा ही साधी वस्तू नव्हती. आई रत्नागिरीत प्राथमिक शिक्षिका. तिच्या तरुणपणी बायकांचे केस एकाएकी वर वर चढायला लागले होते. पुढे फुगा आणि मागे टोपलीएवढा अंबाडा! शेजारी राहणाऱ्या एका नर्सबाईंकडून आई ही विद्या शिकली. आधी उलटा कंगवा मारून केस पिंजून काढायचे, मग त्यांच्या पोटात काथ्याने भरलेला काळा मोजा ठेवायचा, वरून चांगल्या बटा गुळगुळीत ओढून घ्यायच्या, सगळीकडून पिना खुपसायच्या आणि जाळी चढवायची. (हे सगळं शाळेची घंटा व्हायच्या आत. आमची पोळी त्यामुळे रोज एका बाजूने कच्ची असे.) आजी दारात बसून बघायची आणि म्हणायची, "डोक्यावर घागर कशाला गो? आपली विहीर दूर नाय."

पण त्या घागरीला एक कारण होतं. बाबा मुंबईला गोदीत कामाला. मे महिन्यात ते सुट्टीवर यायचे तेव्हा आई आम्हा भावंडांना घेऊन एसटी स्टँडवर उभी राहायची. चाकरमान्यांची ती गर्दी, ट्रंका, बोचकी, रडणारी पोरं. आणि बाबा गाडीतून उतरले की इकडेतिकडे न बघता सरळ आमच्याकडे चालत यायचे. "मला आधी तुझा अंबाडा दिसतो, मग तू दिसतेस," असं ते आईला म्हणायचे. आईने ते फारच मनावर घेतलं. दर मे महिन्यात अंबाडा बोटभर उंच व्हायला लागला. पुढे फॅशन गेली, शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका लांब वेणीवर आल्या, मग बाबाही गेले. आईचा अंबाडा होता तिथेच होता.

दोन वर्षांपूर्वी आई मोठ्या आजारातून उठली आणि केस गेले. उरले ते सुपारीएवढ्या बुचड्यात मावतात. तेव्हापासून तिने घराबाहेर पडणंच सोडलं. भाजीवाली दारात आली तरी ती आतूनच बोलायची. मग माझ्या भावाच्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न ठरलं. घरात सगळ्यांत वडीलधारी आई, तेव्हा लग्नाआधीच्या बुद्धवंदनेच्या वेळी मूर्तीपुढे मेणबत्ती तिनेच लावायची. आईने सांगितलं, "मी नाय येत. मला कोण ओळखणार तिथे?"

आम्ही हसलो. ती हसली नाही. प्रज्ञा रोज येऊन विनवण्या करायची आणि रोज रडकुंडीला येऊन परत जायची. शेवटी न राहवून मी म्हटलं, "आई, तुझा अंबाडा मी घालते." माझे स्वतःचे केस गेली वीस वर्षं बॉयकट आहेत, हे त्या भरात माझ्या लक्षात आलं नाही.

आधी आम्ही पार्लरवाल्या मुलीला घरी बोलावलं. तिने गंगावन लावून, बटा मोकळ्या सोडून, हल्लीच्या पद्धतीचं काहीतरी विस्कटलेलं बांधलं आणि आरसा पुढे धरला. आईने शांतपणे विचारलं, "बाय, हे तू विंचरायच्या आधीचं दाखवतेस काय?" मुलगी गेली. गंगावन तेवढं आम्ही ठेवून घेतलं.

मग मी परसातली नारळाची सोडणं ठेचून काथ्या काढला आणि आमच्या ह्यांचा एक काळा मोजा घेऊन त्यात ठासून भरला. इथेच माझं गणित चुकलं. पूर्वी आईचे केस भरपूर आणि आत काथ्या मूठभर असायचा. आता मूठभर केसांवर मी सबंध नारळाचा काथ्या बसवला! वरून गंगावन गुंडाळलं, पिना टोचल्या, जाळी ओढली. आईने बसून पाहिलं, उठून पाहिलं, मान वळवून पाहिली, मुद्दाम शिंकूनही पाहिलं. अंबाडा हलला नाही. मग ती आरशासमोर उभी राहिली आणि मान ताठ करून तिने पदर सारखा केला. लहानपणी शाळेत जाताना मी जिच्या मागून धावत असे ती बाई समोर उभी होती, आणि मला तिची किती आठवण येत होती ते तेव्हाच मला कळलं.

लग्नाच्या दिवशी अंबाडा गाडीच्या टपाला लागायला लागला, म्हणून पुढची सीट मागे पाडून आईला दाढ काढायला बसवतात तसं बसवून नेलं. हायवेच्या प्रत्येक खड्ड्याला मी मागून दोन्ही हातांनी अंबाडा धरत होते. शेजारी आमचे हे सकाळपासून दुसरा मोजा सापडत नाही म्हणून कुरकुरत होते. मी खिडकीबाहेर बघितलं.

हॉलच्या गेटमध्येच एक टक्कल पडलेले गृहस्थ हात जोडून धावत आले. आईचा जुना विद्यार्थी. "बाई, लांबून अंबाडा बघितला नि ओळखलं," असं तो म्हणाला, आणि आई त्या वाक्यावर वीतभर उंच झाली. त्यात अंबाड्याची उंची धरली तर ती हॉलमध्ये कुणाच्या नजरेतून सुटणंच शक्य नव्हतं. नवऱ्यामुलाकडच्या बायका वळून वळून बघत होत्या. माझं म्हणाल तर मला माझा स्वतःचा सत्कार चालला आहे असं वाटत होतं.

वंदना सुरू झाली. आईचे गुडघे धरलेले असतात, म्हणून तिने मेणबत्ती लावायची आणि उभ्यानेच हात जोडायचे, असं घरी ठरलं होतं. तिने स्टेजवर जाऊन मेणबत्ती लावली. आणि मग, कोण जाणे, त्या अंबाड्याने तिला वय विसरायला लावलं असावं. ती सरळ गुडघ्यांवर बसली आणि पूर्वीसारखे तीन पंचांग प्रणाम घालायला लागली! बसणं, उठणं, वळणं, शिंकणं, सगळं आम्ही तपासलं होतं. कपाळ जमिनीला टेकवून पाहायचं तेवढं राहिलं होतं.

पहिला प्रणाम निभावला. दुसऱ्याला आईचं डोकं वर आलं, अंबाडा आला नाही. तो क्षणभर सतरंजीवर थांबला आणि मग गंगावनाची शेपटी मागे ओढत स्टेजच्या उतारावरून खाली आला. नवऱ्यामुलाच्या आत्याने तर घूस समजून दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मी सरळ खुर्च्यांच्या पहिल्या रांगेखाली शिरले. नवी साडी, चष्मा, वय अठ्ठावन्न. दुसऱ्या रांगेखाली तो माझ्या हाताला लागला, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून आमचे हे हळूच म्हणाले, "अगो, हा माझा मोजा."

मला वाटलं, झालं. आता आई उठेल, डोक्यावरून पदर घेईल आणि पुन्हा कधी उंबरठा ओलांडणार नाही. खुर्च्यांमधून मी डोकं वर काढलं. डोक्यावर सुपारीएवढा बुचडा घेऊन आई सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसली होती. तिने एकदा मागे हात फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे बघून ती नेहमीच्या शाळेतल्या आवाजात म्हणाली, "शैले, बाहेर ये. वंदना चालू आहे." आणि तिसरा प्रणाम तिने सावकाश, पूर्ण घातला. नंतर पुढच्या रांगेत बसून जेवणाची पंगत उठेपर्यंत तिने सगळ्यांशी गप्पा मारल्या. तो टक्कलवाला विद्यार्थी शेवटपर्यंत तिच्याजवळून हलला नाही.

आता आई भाजीवालीशी दारात उभी राहून भांडते. पण लग्नाचा व्हिडिओ आल्यापासून रोज संध्याकाळी तिला तो बघायचा असतो. तीन तासांच्या त्या व्हिडिओत माझं एकच दृश्य आहे, तेही पाठीमागून. आई मेणबत्ती लावायला उभी राहते तिथे ती मला थांबवायला सांगते. टीव्हीवर पांढरी साडी, ताठ मान, डोक्यावर तो अंबाडा. ती बघत राहते. "ह्यांनी बघायला हवं होतं गो," असं म्हणते. त्या वेळी मलाही बाबा फार हवे असतात. मग आई पदराने डोळे पुसते, चष्मा नीट बसवते आणि म्हणते, "चल, सोड आता पुढे. तू खुर्च्यांखालून रांगतेस ते येऊ दे. तेवढं बघितलं की मला जेवण जातं."