तात्यांना डुलकी लागली नव्हती

गेल्या महिन्यात एका सोमवारी दुसऱ्या वर्षाची अश्विनी माझ्या केबिनच्या दारात रजेचा अर्ज घेऊन उभी राहिली. आजोबा गेले म्हणून दहा दिवस गावी होती, हजेरी कमी भरेल, एवढंच तिचं म्हणणं. मी सही केली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "फार वाईट झालं." ती म्हणाली, "तुमची आठवण काढायचे सर. मास्तर परत आले नाहीत, म्हणायचे." ती गेल्यावर पुढचा तास मी दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला लावला.

तिचे आजोबा म्हणजे गणपती तात्या, साखर कारखान्यातले पॅनमन. पॅन म्हणजे दोन मजली उंचीचा बंद हांडा. त्यात उसाचा घट्ट केलेला रस उकळून साखरेचा दाणा तयार होतो, आणि तो नीट वाढवायचं काम पॅनमनचं. मी कराडला इंजिनिअरिंग कॉलेजात नवा लागलो तेव्हा पहिल्या वर्षाच्या पोरांना केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे काय याची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. बाकी कुणालाच ते नको असायचं. निम्मी पोरं कॉम्प्युटरला नंबर लागला नाही म्हणून आलेली, निम्म्यांना वाटायचं की इथं खतं आणि औषधं शिकवतात. मी फळ्यावर व्याख्या लिहायचो, ती उतरून घ्यायची. मग डिसेंबरात गळीत जोरात असताना मी त्यांना बसमधून कारखान्यात न्यायचो आणि तिथं तात्या त्यांना पॅनपुढं उभं करायचे. "चुलीवर रस आटवला की गूळ हुतो, व्हय का न्हाई? हितं आमी हांड्यातली हवा काढून घेतो. मग रस कमी आचंवर उकळतो, करपत न्हाई. तुमची बुकं बरोबरच हायती गड्यांनो, पर भांडं मोठं झालं की त्याचा सोभाव बदलतो." सातवी शिकलेला माणूस. माझ्या चार तासिकांत जे पोरांच्या डोक्यात शिरत नसे, ते तात्यांच्या दहा मिनिटांत शिरायचं. मला ते आवडायचं, आणि थोडं बोचायचंही...

नोकरीच्या चौथ्या वर्षी गेलो तेव्हा तात्यांचा बदली माणूस आला नव्हता. रात्रपाळी करून ते दिवसालाही थांबले होते. पोरांशी बोलत असतानाच पलीकडच्या पॅनवरून त्यांना हाक आली. जाताना मला म्हणाले, "मास्तर, कशाला हात लावू देऊ नका. आलोच." तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "सर, आतला व्हॅक्यूम कमी झाला तर काय होईल?" उत्तर मला तोंडपाठ होतं. पण सगळी पोरं माझ्याकडं बघत होती आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं. मी व्हॅक्यूमचं चाक हातानं फिरवलं. काचेतून दिसणारं उकळणं मंदावलं, थांबलं. पोरं "ओऽ" म्हणाली. मग मी घाबरून चाक घाईनं उलटं फिरवलं, होतं त्यापेक्षा जास्तच. रस एकदम उसळला. मी पोरांना घेऊन खाली ऊस पिळणाऱ्या गिरणीकडं निघून गेलो.

व्हॅक्यूम असा झटक्यात वाढला की रस एकदम थंड होतो आणि त्यात नको तेवढा बारीक दाणा पडतो. मग सगळा हांडा परत विरघळवावा लागतो. अर्ध्या तासानं आम्ही वर आलो तेव्हा चीफ केमिस्ट पॅनपाशी ओरडत होते. तात्यांनी एकदा चाकाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग पोरांकडं पाहिलं. आणि म्हणाले, "माझा डोळा लागला हुता, साहेब."

मी पोरांना रांगेत बसकडं नेलं.

त्या हंगामात तात्यांना पॅनवरून काढून गोदामात पोती मोजायला लावलं. पुन्हा पॅनवर घेतलं नाही ते नाहीच, निवृत्तीपर्यंत. गोदामात लावल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. पुढच्या वर्षीपासून मी पोरांना सांगलीकडच्या दुसऱ्या कारखान्यात न्यायला लागलो. लांब पडायचं, पण तिथं मला कुणी ओळखत नव्हतं.

इथवर झालं ते एक वेळ भित्रेपणा म्हणता येईल. पुढच्याला तेही म्हणता येणार नाही. मी तात्यांची गोष्ट वर्गात सांगू लागलो. पहिल्याच तासाला. एका कारखान्यात एका पॅनमनला डुलकी लागली आणि हांडाभर माल गेला, म्हणून यंत्रांना स्वयंचलित नियंत्रण लागतं, ते तुम्ही शिकणार आहात. डुलकीचा मी अभिनयही करायचो, मान खाली टाकून. पोरं हसायची. कितीतरी वर्षं हसली. गेल्या वर्षी हसणाऱ्यांत अश्विनी होती. तिनं ती घरी जाऊन 'तुमच्यासारखाच एक पॅनमन' म्हणून आजोबांनाच रंगवून सांगितली. त्यावर तात्या तिला एवढंच म्हणाले की तुझ्या सरांना एकदा घरी बोलाव.

मी गेलो. तात्या अंगणात खुर्चीवर बसले होते. अश्विनीला त्यांनी दुकानात पाठवलं, काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, शेतात होत्या. म्हणाले, "मास्तर, गोष्ट सांगा, पर खरी सांगा. डोळा लागल्यानं दाणा पडत न्हाई. चाक अर्धा वेढा जास्त उघडं हुतं. व्हॅक्यूम कसा गेला, कसा आला, त्ये पोरास्नी कळाय पायजे. न्हाईतर उद्या तीबी तसंच करतील."

मी विचारलं, "तात्या, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"पैल्या वर्साची पोरं. तुमच्या तोंडाकडं बगत हुती. मास्तरच चुकला म्हटल्यावर त्यांनी कुणाकडं बगायचं?" मग म्हणाले, "मला वाटलं, पोरं बसमदी बसली की तुमी साहेबास्नी जाऊन सांगशीला."

रागानं नाही, सहज म्हणाले. मी पुढच्या वर्षी खरी गोष्ट सांगेन असा शब्द दिला. यंदा ऑगस्टमध्ये नवीन पोरं आली आणि मी ती गोष्टच गाळली. मग अश्विनी अर्ज घेऊन आली.

त्याच आठवड्यात मी पहिल्या वर्षाच्या वर्गात सगळं सांगितलं. चाक कुणी फिरवलं, का फिरवलं, आत काय झालं, आणि कोण गप्प बसलं. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी अश्विनी केबिनमध्ये आली. तिला खालच्या वर्गातून कळलं होतं. म्हणाली, "सर, हे आजीला येऊन सांगा. तिला अजून वाटतं, ते झोपले होते."

शनिवारी गेलो. काकू सोप्यात बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या मला बोलतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

"म्हंजे झोपलं न्हवतं," काकू म्हणाल्या.

"नाही."

"मी लय बोलले हो त्यास्नी. दूध उतू गेलं तर, पाण्याची मोटार चालू ऱ्हायली तर... पॅनवर झोपलासा तसं झोपा म्हणायची. चार माणसांत म्हणायची. हसायचं नुसतं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "जायच्या आदल्या दिवशीबी म्हटलं मी."

त्यांच्या तोंडी ते शब्द मी घातले होते. मी काहीतरी बोलू लागलो, पण त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. अश्विनीनं चहा आणून पुढं ठेवला आणि ती आजीजवळ जाऊन बसली, माझ्याकडं पाठ करून. मी चहा प्यायलो. कप आत कुठं ठेवायचा ते कुणी सांगितलं नाही, म्हणून उंबऱ्याजवळ ठेवला आणि निघालो.