गडग्याखालची लाइन

नळ यायच्या आधी आमच्या घरात पाणी डोक्यावरून यायचं. घर उतारावर, विहीर खाली वहाळाच्या काठाला, आणि मधे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. पायऱ्या बासष्ट. झोपेतून उठवून विचारलं तरी आकडा सांगेन. सकाळी उजाडताच आई आणि मी प्रत्येकी तीन खेपा घालायचो. डोक्यावर दोन हंडे, कमरेला कळशी. चढताना आई बोलायची नाही. बोललं की दम जातो, म्हणायची. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायचा. मग एकजण आत उतरून झऱ्याचं पाणी करवंटीनं हंड्यात भरायची आणि बाकीच्या वर आपापला नंबर धरून बसायच्या. अकरावीचं रसायनशास्त्र मी तिथं बसून पाठ केलं आहे. हे कौतुक म्हणून सांगत नाही. घरी बसून केलं असतं तर चार गुण जास्तच पडले असते.

वडील चिरेखाणीवर होते. जांभ्याचे चिरे पाडायचे, हातानं. पाणी आणणं हे बाईमाणसाचं काम, असं तेव्हा सगळ्या वाडीला वाटायचं आणि वडिलांनाही वाटायचं. पण आईचा गुडघा पहिल्यांदा सुजला त्या वर्षी ते दोन दिवस खाणीवर गेले नाहीत, आणि लोक बघत असताना हंडा खांद्यावर घेऊन पाखाडी चढले. डोक्यावर घ्यायला त्यांना जमलं नाही. अर्धं पाणी सदऱ्यावर. बायका हसल्या, तेही हसले.

मी बारावीत असताना ग्रामपंचायतीची नळयोजना वाडीत आली. वरच्या रस्त्याच्या कडेपर्यंतची लाइन पंचायतीची, तिथून खाली घरापर्यंतची ज्याची त्यानं न्यायची. आमची दीडशे फूट. वडिलांनी गडी लावला नाही. खाणीवरून यायचे, चहा प्यायचे आणि कुदळ-पहार घेऊन चर खणायचे. आठ दिवस. टाकीत पहिलं पाणी पडलं तेव्हा आई टाकीच्या कडेला उभी राहून नुसती बघत होती. त्यानंतर मी बारावी झाले, रत्नागिरीला कॉलेजात जाऊन बी.एस्सी. झाले, मग बी.एड. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. आता हायस्कूलला विज्ञान शिकवते. ती पदवी त्या नळावर उभी आहे, असं मी कुणालाही सांगते.

लाइन किती खोल आहे, असं कुणी विचारलं की वडील सांगायचे, "दोन हात. वरनं हत्ती गेला तरी कायव होणार नाय." लाइन जिथं रस्त्याकडून आमच्या आवारात शिरते तिथं त्यांनी स्वतः रचलेला गडगा आहे. बिनमातीची दगडी भिंत, कंबरेइतकी उंच, चिऱ्यावर चिरा असा बसवलेला की सुरीचं पातं आत जाणार नाही. पाहुणे आले की आधी गडगा दाखवायचे, मग घर.

यंदा शिमगा झाला आणि टाकी भरेना. नळाला पाणी सकाळी सातला येतं आणि चाळीस मिनिटं राहतं. तेवढ्यात टाकी तुडुंब भरून वाहायची. आता जेमतेम निम्मी. वडील म्हणाले, "सरकारी पाण्याला जोर नाय." शेजारच्या काकूंची टाकी भरत होती, पण काकूंचं घर आमच्यापेक्षा खाली, म्हणून त्यांना जोर जास्त, असं वडिलांचं म्हणणं. मीही ते मानलं. चूकच केली.

मग एका रविवारी दोरीवर आईची चुंबळ वाळत घातलेली दिसली. हंड्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची ती गोल गुंडाळी आमच्या घरात कित्येक वर्षं कुणी काढली नव्हती.

"ही कशाला काढलीस?"

"हवा लागू दे म्हणून."

"ओली आहे."

"मंग हवा लागल्यावर सुकंल."

ती पंधरा दिवस विहिरीवर जात होती. मी शाळेत गेल्यावर, वडील बाजारात गेल्यावर. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, जिने चढायचे नाहीत, नाहीतर हे गुडघे वर्षभर टिकणार नाहीत. त्यांना ती म्हणाली होती, "आमच्या घराला जिनाच नाय, सायेब." मला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. बासष्ट पायऱ्या उतरून जाणाऱ्या आईच्या घरात विज्ञानाची मास्तरीण राहते आणि तिला टाकी का भरत नाही ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सातला पाणी आलं तेव्हा मी बादली आणि मोबाईल घेऊन रस्त्यावर गेले. तिथं आमच्या जोडणीला एक तोटी आहे. तिच्यावर बादली भरायला वीस सेकंद लागली. ती बंद करून पळत खाली आले. टाकीच्या तोंडाशी तीच बादली भरायला सत्तर.

वडील ओटीवर बसून बघत होते. "कॉलेजात बादल्या भरायला शिकवतात काय?"

"खाली तर जास्त जोरात यायला पाहिजे, बाबा. उतार आहे."

"उतार मला सांगतेस, बाय?"

मग टाकीची तपासणी. पाणी गेल्यावर घरातले सगळे नळ बंद केले, टाकीतल्या पाण्याच्या पातळीला खडूची रेघ मारली. आईला सांगितलं, संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. संध्याकाळी पाणी रेघेलाच होतं. म्हणजे टाकी धड, टाकीपासून घरातली लाइन धड. दोष रस्ता ते टाकी, जमिनीखाली.

हे मी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "लायनीत कायव नाय," आणि उठून गेले. त्यांचं असं उठून जाणं मला तेव्हा नुसता हेका वाटला.

आता दीडशे फुटांत कुठं? टाकीच्या अलीकडे दहा पावलांवर, बरोबर लाइनीवर, एप्रिलच्या उन्हात अळू माजलं होतं. पानं सुपाएवढी. आई तर महिनाभर वड्या करून शेजारीपाजारी वाटत होती. जागेवाल्यानं, जागेच्या राखणदार देवानं दिलं, म्हणायची. मी म्हटलं, जागेवाल्यानं नाही, फुटक्या पाइपानं दिलंय. बाजारातून प्लंबर बोलावला आणि त्याला अळूवर उभं केलं.

प्लंबर माझ्याच वयाचा, मुंबईत दहा वर्षं बिल्डिंगींची कामं करून परत आलेला. त्यानं विचारलं, "मॅडम, जोड कुठं कुठं आहेत?"

"जोडच नाय," वडील लांबूनच म्हणाले.

"काका, दीडशे फूट लाइन आन् जोड नाय? पाइप येतो वीस फुटाचा."

"ते सोल्युशनवाले सोड. दुसरा जोड नाय."

आम्ही सकाळभर खणलं. अळू गेलं. दोन हातांवर पाइप लागला, खणखणीत कोरडा, कुठं चीर नाही. खड्ड्याच्या तळाला मात्र वरच्या अंगानं दगडाच्या भोकांतून पाणी झिरपत होतं. मी चिखलात उभी आणि आई वर.

"वड्या पण गेल्या," आई म्हणाली.

वडील खड्ड्याशी आले, वाकून बघितलं. "जांभ्यातलं पाणी शिरतं एकीकडं आणि दिसतं दुसरीकडं. आत सगळी भोकं. खाणीवर आमी पाणी तोडायला जायचो तर चार दिवस शोधत बसायचो." हे मला पुस्तकातून माहीत होतं. मुलांना शिकवतेसुद्धा. पण खड्डा खणताना आठवलं नाही, हे खरं.

"मग शिरतं कुठं?" मी विचारलं.

 त्यांनी वर गडग्याकडे एकदा बघितलं.

आईला वेगळंच खटकलं होतं. "न विचारता खणलात. नारळ नाय, गाऱ्हाणं नाय. मंग कसं सापडंल?"

आमच्याकडे जमिनीत मोठं काम करायचं तर आधी जागेवाल्याला नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता मोठ्यानं देवाला सगळं सांगतो, काय करतोय, का करतोय, काय चुकलंय, आणि उभे असलेले प्रत्येक वाक्याला होकार देतात. त्यात आडपडदा ठेवायचा नाही असा रिवाज आहे. मी विज्ञानाची असले तरी ह्याला कधी आड आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई, काकू, प्लंबर आणि मी हात जोडून उभे राहिलो, आणि वडिलांनी नारळ हातात घेतला.

"बा जागेवाल्या म्हाराजा, आज ही तुजी लेकरं तुज्या जागेत खणतायत."

"व्हय म्हाराजा."

"घरात पाण्याची आडचण झाली म्हणून खणतायत."

"व्हय म्हाराजा."

"ही लाइन मी घातली. माज्या हातानं घातली."

"व्हय म्हाराजा."

"दोन हात खोल घातली असं सगळ्यांना सांगत आलो."

"व्हय म्हाराजा."

मग वडील थांबले. नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. प्लंबरला वाटलं आपण बोलायचं राहिलं, म्हणून त्यानं परत एकदा एकट्यानंच होकार दिला.

"ती सगळीकडं दोन हात नाय," वडील म्हणाले.

 शेवटी आई म्हणाली, "व्हय म्हाराजा. पुढं बोला."

"गडग्याखाली काळा कातळ लागला. पहार उडून यायची. दुसऱ्या दिवशी पाणी सोडणार होते. आणि पोरीची बारावीची परीक्षा सोमवारवर आली होती. पाणी आलं नसतं तर ती परत विहिरीवर गेली असती. म्हणून तिथं एक वीत खोल घातली. कातळावरनं वळवायला पाइप नारळाच्या सोडणांच्या जाळावर तापवला, वाकवला, त्याचं तोंड फाकवून दुसरा आत घातला, आणि वर सायकलची ट्यूब गुंडाळली. दिसू नये म्हणून वर गडगा रचला. ह्यात जी काय चूकभूल झाली आसंल ती पदरात घे, आणि हिचे गुडघे राख, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळ्यांत आधी काकू म्हणाल्या.  आईनं म्हटलं की नाही, ते मला आठवत नाही.

नारळ फुटल्यावर आई म्हणाली, "देवाला सांगितलंत, बरं केलंत. मला कधी सांगितलं असतंत?"

"तुला सांगितलं तर वाडीला कळतं."

"आता काकू काय बहिऱ्या हायत?"

"मी काय आयकलं नाय हो," काकू म्हणाल्या, आणि प्लंबर तोंड फिरवून हसला.

गडगा वडिलांनी कुणाला उतरू दिला नाही. एकेक चिरा उचलून ज्या ओळीतला त्या ओळीत बाजूला मांडत गेले. खालचा थर निघाला तशी माती काळी आणि ओली होती. पंचायतीकडून अर्धा तास पाणी सोडून घेतलं, आणि माती हातानं बाजूला केल्यावर तो जोड दिसला. गडग्याच्या वजनानं दबून चपटा झालेला, ट्यूब फाटलेली, आणि एका बाजूनं पाण्याचा पंखा उडत होता. इतकी वर्षं कसा टिकला हेच नवल. प्लंबर वाकून बघत म्हणाला, "काका, जोड मात्र झ्याक होता. वजन नको टाकायला होतं."

"चिरे बसवायचा हात थांबला नाय," वडील म्हणाले.

प्लंबर म्हणाला, तेवढा तुकडा कापू, दोन कपलर लावू, वरून जाड लोखंडी पाइपाचं कवच घालू, एक वीत खोल असला तरी चालेल. वडिलांनी ऐकलं नाही. दोन दिवस छिन्नी आणि पहारीनं तो काळा कातळ फोडत राहिले. वय सत्तरीकडे झुकलेलं. आई चहा घेऊन जायची आणि कपाबरोबर एक वाक्य द्यायची. "तवा फोडला असतात तर तवा वय तरी होतं." ते चहा प्यायचे आणि परत फोडायचे. मी सुट्टी काढून बाजूला बसले आणि निघालेले दगड उचलत राहिले. सोमवारच्या त्या परीक्षेबद्दल त्यांना काहीतरी म्हणायचं माझ्या मनात होतं. म्हटलं नाही. खोली मोजायला टेप मागितला तर त्यांनी स्वतःचा हात कोपरापासून खड्ड्यात घातला, दोन वेळा, आणि म्हणाले, "मोज आता."

खड्ड्याच्या तळाला वाळू अंथरली, नवा तुकडा सोल्युशन लावून बसवला, रात्रभर सुकू दिला. माती ढकलायची घाई मी होऊ दिली नाही. सकाळी सातला पाणी आलं तेव्हा आम्ही सगळे चराच्या कडेला उकिडवे बसून दोन्ही जोडांकडे बघत होतो. बोटं फिरवून बघितली. कोरडे. मग माती, आणि चार दिवसांनी वडिलांनी गडगा परत रचला, पण लाइनीवर दोन फुटांची वाट मोकळी सोडून. तिथून आता काकू थेट येतात.

टाकीशी बादली अठरा सेकंदांत भरते. मी तीनदा मोजलं, आणि एकदा वडिलांनी, माझ्या मोबाईलवर. पाणी जायच्या आधी टाकी भरून वाहते, आणि आई पाण्यासाठी पाखाडी उतरत नाही.