हाताला ठाऊक

बाईंच्या पोटात गेलेली गोष्ट कधी ओठांवर आली नाही, हे त्यांच्याशी पटत नसलेली खालच्या मजल्यावरची शेजारीणसुद्धा मान्य करायची. तीस वर्षं बाईंनी एका मोठ्या कचेरीत टंकलेखन केलं, त्यातली बावीस गोपनीय विभागात. कुणाची चौकशी लागली, कुणाची बढती अडली, कुणाला घरी बसवलं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं आणि कुणाला काही कळलं नाही. खरं तर बाईंनाही कळलं नसावं. मजकूर वाचायचा नसतो, नुसता मारायचा असतो, असं त्यांच्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं. डोळे कागदावर, बोटं कळांवर, डोक्याने मधे पडायचं नाही. आणि संध्याकाळी घरी जाण्याआधी त्या दिवसाचे कार्बन, म्हणजे मजकुराची दुसरी प्रत उमटलेले कागद, मागच्या अंगणात नेऊन स्वतःच्या हाताने जाळायचे. राख होईपर्यंत बाई तिथे उभ्या राहत. तापाने फणफणलेल्या असल्या तरी राहत.

पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते काही उगाच नाही.

घरात दोघंच, बाई आणि त्यांचा भाऊ. साठीला टेकला तरी तो धाकटाच. बायको गेल्यावर मुलीला घेऊन बहिणीकडे राहायला आला आणि मुलगी मोठी होऊन परदेशी गेली तरी इथेच राहिला. तो बसस्थानकावर निवेदक होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुणाची पिशवी सापडली, कुणाची आई कुणाला शोधतेय, हे सगळं शहर त्याच्या तोंडून ऐकायचं. आवाज म्हणजे खणखणीत नाणं. ध्वनिमुद्रण करून ठेवा म्हणून वरिष्ठांनी कितीदा सुचवलं, पण याने कधी मनावर घेतलं नाही. "मी काय मेलोय का?" म्हणायचा. घरात मात्र तो सोन्यासारखा आवाज माझे मोजे कुठे आहेत एवढं विचारण्यात खर्ची पडे.

मग त्याचा घसा बसला, तो बसलाच. डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळते आहे. जीव वाचेल, आवाज जाईल.

मुलीने तिकडून धावाधाव करून एक मॅक लॅपटॉप पाठवला. फोनवर तिने आत्याला समजावलं की एक फुकट सॉफ्टवेअर आहे, बाबांनी हजारभर वाक्यं वाचून दिली की पुढे आपण टाइप करू ते कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात बोलेल. बाईंनी त्याआधी मॅक पाहिलेला नव्हता. पण वाचनालयात एक तरुण शिक्षिका नव्याने मॅक घेतलेल्यांसाठी वर्ग घेत असे, तिथे बाई वही घेऊन पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. फुकटचं सॉफ्टवेअर घ्यायचं ते बनवणाऱ्याच्याच साइटवरून, भलत्या ठिकाणाहून नाही. मोठ्या फायली वेगळ्या डिस्कवर ठेवायच्या. डिस्कला पासवर्डचं कुलूप लावायचं, आणि पासवर्ड असा हवा की तो कुठल्याच भाषेतला शब्द नसेल. शिवाय प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवायच्या. बाईंनी सगळं लिहून घेतलं, शेवटचं वाक्य सोडून. दुसरी प्रत म्हणजे दुसरं तोंड. बावीस वर्षं ज्यांनी दुसरी प्रत जाळली, त्यांना हे कालची पोर काय सांगणार?

नव्या डिस्कचा पासवर्ड त्यांनी डोळे मिटून बनवला. टायपिंगच्या वर्गात शिकलेला बोटांचा जुना सराव होता, त्याची चाल धरली आणि मधे चार-पाच ठिकाणी बोटांना वाटेल तिथे वळू दिलं. चोवीस कळा. अक्षरं कोणती पडली ते त्यांनी पाहिलं नाही, आणि पडद्यावर तर नुसते ठिपकेच होते. दुसऱ्यांदा मारायला सांगितलं तेव्हा हात आपसूक त्याच वाटेने गेले. पासवर्ड आठवावा म्हणून काही खूण लिहून ठेवा, असं डिस्क विचारत होती. बाईंनी लिहिलं, 'हाताला ठाऊक'. स्वतःवरच खूश होऊन हसल्यासुद्धा. जे आपल्यालाच माहीत नाही ते आपल्या तोंडून कोण काढणार?

ते तीन आठवडे मात्र मजेत गेले, हे सांगितलंच पाहिजे. आवाज घुमू नये म्हणून पलंगाच्या गाद्या भिंतींना उभ्या करून दोघं बहीणभाऊ मधे बसत. धाकटा वाचायचा, बाई ध्वनिमुद्रण चालू-बंद करायच्या.

"मला तहान लागली आहे. दार लावून घे. औषध घेतलं," तो यादीतलं वाचायचा, आणि मधेच थांबायचा. "ताई, ही काय वाक्यं आहेत? भांडायची वाक्यं घेऊया आधी. तीच जास्त लागतील."

मग त्याने भांडायची वाक्यं स्वतः रचली. ताई, तू फार बोलतेस. ताई, माझा चष्मा तूच उचललास. ताई, मी ऐकत होतो, पण पटलं नाही. एकदा त्याला हसू आवरेना, तर बाईंनी ते हसूही ठेवून दिलं. दिवसाचं काम संपलं की त्या डिस्क जोडत, हात कळांवर टाकून कुलूप काढत, सगळं तिच्यात नेऊन ठेवत, आणि मॅकवरचं पुसून कचऱ्याची टोपली रिकामी करत. पासवर्ड लक्षात ठेवू का, असं मॅकने रोज विचारलं. बाईंनी रोज नको म्हटलं. सगळी वाक्यं झाली की शस्त्रक्रियेनंतर ती एकदम सॉफ्टवेअरला द्यायची होती.

शस्त्रक्रियेच्या दिवशी इस्पितळाच्या पायऱ्यांवर त्यांचा पाय घसरला. डावं मनगट मोडलं.

सहा आठवडे प्लास्टर होतं. एकाला आवाज नाही, एकीला हात नाही. धाकट्याने पाटी घेतली होती. 'प्लास्टर निघू दे,' तो लिहायचा, 'मग ओरडतो तुझ्यावर.' बाई हसायच्या.

प्लास्टर निघालं त्या सकाळी त्यांनी डिस्क जोडली, डोळे मिटले आणि हात टाकले. पडद्यावरची पासवर्डची चौकट नकारार्थी मान हलवावी तशी डावीउजवीकडे हलली. बोटं आखडलीत, म्हणून त्यांनी पुन्हा मारलं. दहा वेळा, वीस वेळा. उजवा हात आपल्या कळा बिनचूक मारायचा आणि डाव्याची वाट बघत थांबायचा. डावा कुठेतरी भलतीकडे जायचा. डोळे उघडून बोटांकडे पाहावं तर उजवाही बावचळायचा. दुपारपर्यंत बाईंच्या अंगाला घाम सुटला होता.

"सॉफ्टवेअर अजून तयार होतंय," त्या धाकट्याला म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी पुष्कळ लपवलं होतं, पण खोटं बोलल्या त्या पहिल्यांदाच.

रोज गरम पाण्यात हात बुडवायचा, व्यायाम करायचा, आणि तो बाहेर फिरायला गेला की डिस्क जोडायची. पंधरवड्यात बोटं सगळी सुटली. पण त्यांना वाट आठवेना. उलट चुकीच्या वाटा इतक्या मळल्या की खरी होती तीही मोडली असावी. शेवटी बाई डिस्क पिशवीत घालून वाचनालयात गेल्या.

शिक्षिकेने सगळं ऐकून घेतलं. मॅकवर काही उरलंय का तेही तपासून पाहिलं.

"आतलं सगळं शाबूत आहे हो," ती म्हणाली. "एक अक्षरही गेलेलं नाही. पण हे कुलूप फोडता येत नाही. मलाच काय, ज्यांनी बनवलं त्यांनाही नाही."

"दुसरी प्रत ठेवायला तू सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि डिस्क बाईंच्या पिशवीत परत ठेवली. चार शब्द सुनावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

घरी त्यांनी फोन धुंडाळला. धाकट्याच्या आवाजातले निरोप मिळाले नऊ. त्यांतले सहा 'पोचलो' आणि 'ठेवतो'. तेवढ्यावर कॉम्प्युटर काय बोलणार?

त्यांनी त्याला सांगितलं. खुर्चीत समोर बसून, काही न गाळता, कार्बनसुद्धा. तो ऐकत होता. मग त्याने पाटीवर लिहिलं, 'किती वेळा करून पाहिलंस?'

"रोज," बाई म्हणाल्या. "शेकडो वेळा. तुझा आवाज मीच जाळला रे."

त्याने पाटी पुसली, खडू हातात धरला, पण काही लिहिलं नाही. रागवायची सगळी वाक्यं डिस्कवर होती.

त्यानंतर घर अगदी मुकं झालं. बाई कमी बोलू लागल्या, कारण बोलणं त्यांना चोरीसारखं वाटायचं. डिस्क त्या अजून जोडत, पण आशा म्हणून नव्हे. जिभेने दुखरा दात चाचपावा तसं ते झालं होतं. मुलीला फोनवर कळवलं. ती म्हणाली, "आत्या, बाबा हसले होते ना, तेही त्यातच आहे का?" बाईंनी हो म्हटलं.

शेवटी शिक्षिका एक दिवस आपण होऊन घरी आली. फुकट मिळणारा एक तयार आवाज तिने मॅकवर घालून दिला, धाकट्याला वापरायचा कसा ते दाखवलं आणि गेली. बाई मोरीत भांडी घासत होत्या.

"ताई," बाहेरून कुणीतरी म्हणालं.

परक्या माणसाचा आवाज होता, ना तरुण ना म्हातारा. जवळजवळ साठ वर्षं हा शब्द बाईंनी ऐकला होता, आणि नुसत्या त्या शब्दावरून त्यांना कळायचं की हा भुकेला आहे, की चिडलाय, की घाबरलाय. आज त्यातून त्यांना काहीच कळलं नाही. त्या हातातलं भांडं तसंच धरून उभ्या राहिल्या.

"ताई."

पुन्हा तोच, केसाचाही फरक नाही. थोडं थांबून तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. आवाज चढला नाही, वैतागला नाही.

"ओ, आले," म्हणून बाई हात पुसत बाहेर गेल्या. धाकट्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मॅक मिटून टाकला.

"राहू दे उघडा," बाई म्हणाल्या. "होईल सवय."

त्याने पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, 'तुला होईल. त्याचीच भीती वाटते.'