रंग मुरेपर्यंत

तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा, तसा तो पालथा पंजा गाडीच्या बॉनेटला लावी, क्षणभर डोळे मिटी आणि निकाल देई, "रंग अजून कोवळो आसा."

गाडी माझी होती. हे आरंभीच सांगितलेले बरे. पुढे वाचताना विसर पडण्याचा संभव आहे.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत नवी छोटी गाडी सोडतीने मिळे. घाटकोपरच्या आमच्या सोसायटीतून आम्ही दोघांनी एकाच दिवशी नोंदणी केली होती. तो माझ्या खालच्या मजल्यावर राही. नोकरी विमा कचेरीत, गाव मालवणकडचे. सोडतीत माझा क्रमांक लागला, त्याचा लागला नाही. अशा वेळी माणसाने चार दिवस अबोला धरावा, निदान जिन्यात मान फिरवावी. त्याने सोसायटीभर पेढे वाटले. हेवा करण्याचा हक्क त्याचा होता. त्याने तो बजावला नाही. ते काम माझ्यावर आले.

गाडी पाडव्याला आली. पावसाळ्यापूर्वी रंगावर मेण चढवावे, असे माझे मत होते. डबा आणायला निघालो, तो फाटकातच त्याने अडवले.

"खंय चाललास, मालक?" गाडी आल्यापासून मला तो मालक म्हणू लागला होता.

"पॉलिश आणायला."

"वाट लावशील रंगाची! लोणचं आज घातलं की उद्या खातोस काय? मुरू दे. दसऱ्यापर्यंत मेण नाही."

ही विद्या त्याने कोठून मिळवली, हे मी विचारले नाही. तो अशा खात्रीने बोले, की विचारणे उद्धटपणाचे ठरले असते.

पावसाळाभर त्याने गाडी पुसली. जुन्या धोतराचे मऊ फडके, स्वच्छ पाणी, आणि गाडी सावलीत. उन्हात तापलेल्या पत्र्यावर तो पाण्याचा थेंब पडू देत नसे. माझी मुले मला गणिते विचारीत आणि गाडीविषयी त्याला. "काका, आज चाकं धुवायची?" "बाबांना विचार," असे तो एकदाही म्हणाला नाही. जोगेश्वरीला मेव्हणीकडे जायचे ठरले, तेव्हा आमच्या सौभाग्यवती मला म्हणाल्या, "तिथे उन्हात उभी करावी लागेल. भावजींना विचारलंत का?"

मी विचारले नाही. गाडी उन्हात उभी केली. परतल्यावर त्याने पालथा पंजा लावला आणि माझ्याकडे नुसते पाहिले.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. तो गाडीत कधी बसत नसे. "बस रे, एक चक्कर मारू," म्हटले की म्हणे, "कपडे ओले आहेत," नाहीतर, "नंतर बघू." त्याचे कपडे कोरडे असत.

पक्ष्यांची घाण रंग खाते, असे त्याचे म्हणणे. ते खरे असावे. परंतु पितृपक्षातही तो कावळ्यांना गाडीजवळ फिरकू देईना. माझ्या वडिलांच्या तिथीला आम्ही आवारातल्या कठड्यावर पान ठेवले. कावळा काही शिवेना. गाडीपाशी हा काठी आपटीत उभा. अखेर सौभाग्यवतींचा धीर सुटला.

"भावजी, आज तरी कावळ्याला येऊ द्या हो! मामंजी उपाशी राहतील."

"येऊ देत की, वहिनी! फक्त मामंजींना सांगा, बॉनेटवर बसू नका. कठड्यावर जागा भरपूर आसा."

मग घरात जाऊन त्याने छत्री आणली, बॉनेटवर उघडून धरली आणि निश्चल उभा राहिला. कडक ऊन होते. छत्रीची सावली गाडीवर, आणि ऊन त्याच्या टकलावर. काही वेळाने कावळा आला, पानाला शिवला. माझे वडील तृप्त झाले असावेत. मी झालो नाही. माझ्या वडिलांच्या श्राद्धातही लोक त्यालाच पाहत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी साकीनाक्याला गाडी सर्व्हिसिंगला नेली. तिथल्या मुकादमाला सहज विचारले, नव्या रंगावर मेण केव्हा चढवावे? तो हसला. "साहेब, रंग कारखान्यातच भट्टीत भाजून येतो. आणली त्या दिवशी लावलं असतं तरी चाललं असतं. पावसाच्या आधी लावायचं ना!"

एवढा आनंद मला गाडी मिळाली तेव्हाही झाला नव्हता. परत येताना मी वाक्य घोळवीत होतो. चारचौघांत, मुलांसमोर बोलायचे होते.

दसऱ्याला सकाळी सारे आवारात जमले. तो झेंडूची माळ बाजूला ठेवून मेणाचा डबा उघडू लागला. लेबल पिवळे पडलेले, झाकणाला गंज. ते चमच्याच्या दांड्याने उचकटावे लागले.

"इतका जुना डबा कुठला, भावजी?" सौभाग्यवतींनी विचारले.

"नोंदणी केली ना, त्या दिवशी येताना घेतलेला. माझ्या गाडीसाठी."

"अगबाई! मग हा कशाला फोडलात?"

"मेणसुद्धा वाळतं, वहिनी. ते कुठे थांबतंय सोडतीसाठी?" एवढे बोलून तो माझ्याकडे वळला. "काय म्हणाला रे मालक, साकीनाक्याचा माणूस? रंगाबद्दल काही बोलला?"

वाक्य तयार होते. माणसेही जमली होती.

"म्हणाला, चांगला मुरलाय," मी म्हणालो.

"मी काय सांगत होतो!" त्याने फडके माझ्या हातात दिले. "पहिला हात मालकाचा. गोल नको रे, लांब घे."

त्याचा क्रमांक पुढे लागला. तोवर डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्याने गाडी घेतली नाही. नंतर तो दिंडोशीला मुलाकडे राहायला गेला. त्या दिवशी मीच त्याला पोहोचवले. माझ्या गाडीत तो प्रथमच बसला. वाटभर पुढच्या काचेतून बॉनेटकडे पाहत होता. उतरल्यावर त्याने पालथा पंजा लावला. 

तो वारला, त्याला आता बरीच वर्षे झाली. गाडीही विकली. डबा माझ्या कपाटात आहे. तळाशी थोडे मेण उरले आहे, त्यात त्याच्या बोटांचे खळगे आहेत. मुले सुट्टीत येतात, जुने फोटो काढतात, आणि नातवंडांना दाखवतात, "ही बघा, काकांची गाडी."

मी दुरुस्ती करीत नाही. बरे मात्र वाटत नाही.