सहा गड्यांचा फरक

कारंजाची शाळकरी पोरं वाशिमच्या पोरांना हुतूतूत हरवणार, हे सगळ्या कापूस-बाजाराला ठाऊक होतं. म्हणून नुसत्या हारजितीवर कोणी पैज घेईना. पैज लागायची ती फरकावर, किती गड्यांनी हरवणार यावर. मी मूळचा गाठी वाहणारा हमाल. ढिगात हात घालून रुई किती निघेल ते सांगता सांगता दलाल झालो. तसाच पोरांचा सराव पाहून फरकही सांगत असे.

त्या वर्षी माझा अंदाज आठचा होता, आणि तो एका रंगाऱ्याच्या मुलावर उभा होता. तो एका दमात दोघातिघांना शिवून परत यायचा.

वाशिमचा एक अडत्या, माझा जुना भागीदार, पैजेला तयार झाला. कापसाचा सौदा करतो तसंच रुमालाखाली हात घालून आम्ही बसलो. त्यानं आठ बोटं दाबली. मी पाच दाबली.

"पाचात तं माही म्हातारीबी खेळंल," तो म्हणाला.

"मंग आण तिले मैदानात."

बऱ्याच ओढाताणीनंतर सहावर हात जुळले. कारंजा सहा किंवा जास्त गड्यांनी जिंकलं तर त्याची दुभती म्हैस माझी. कमी पडलं तर माझ्या दमणीचा, त्या हलक्या बैलगाडीचा, उजवा बैल त्याचा. ती जोडी मी स्वतःच्या कमाईनं घेतलेली पहिली वस्तू होती.

"अमावास्या होऊ दे. तिसऱ्या दिवशी खेळवू, दुपार कलल्यावर," तो उठता उठता म्हणाला.

"खेळव," मी म्हणालो. फरकासाठी घसा कोरडा केला होता, दिवस मी फुकट देऊन टाकला.

खेळाच्या आदल्या संध्याकाळी दमणी घेऊन घरी येत होतो, तर रंगाऱ्याच्या मोहल्ल्यातली माणसं गच्च्यांवर चढून मावळतीकडे पाहत होती. रमजानच्या चंद्राची कोर दिसली आणि एकच गलका झाला. मी तसाच रंगाऱ्याच्या दारी गेलो.

"उद्या पहिला रोजा, शेठ," कोपरापर्यंत निळे झालेले हात पुसत तो म्हणाला.

"पोराले उद्याच्या दिवस सोडू दे ना."

"तुमच्या बैलासाठी?"

पोरगा मात्र हसला. "चाचा, घोर नका करू. तुमचा बैल कुठी जात नाही."

त्यानं तर जीव आणखीच खालीवर झाला. दिवसभर पाण्याचा थेंबही न घेता एका दमात हुतूतू म्हणत राहायचं! मी अडत्याकडे धावलो. तो कारंजातच उतरला होता.

"खेळ दिवस बुडाल्यावर ठेव."

"अंधारात कोणी हुतूतू खेळते काय?"

"तुले चांद माहीत होता!"

"चांद साऱ्या गावाले दिसते. तुले काहून नाही दिसला?"

मी त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं.

दुसऱ्या दिवशी पोरगा सुरुवातीला वाऱ्यासारखा खेळला. मग त्याचा आवाज घोगरा होत गेला. शेवटच्या चढाईच्या वेळी कारंजा पाचानं पुढे होतं. एक गडी हवा होता. तो गेला, त्यानं एकाला शिवलं, वळला, आणि रेषेपासून हातभर अंतरावर त्याचा दम तुटला. तोच बाद झाला. पाचाचे चार झाले.

कारंजा जिंकलं. गुलाल उधळला, कोणीतरी माझ्या गळ्यातही हार घातला. दिवस बुडाल्यावर पोरगा पाणी पिऊन माझ्याकडे आला. "चाचा, माफ करा." त्याच्यावर रागवायला माझ्याकडे राग उरला नव्हता. तो सगळा अडत्यासाठी राखून ठेवला होता, अजूनही आहे. खेळ सरळ झाला असं तो सांगत फिरतो. दिवस कोणी मागितला, ते सांगत नाही.

सकाळी त्यानं बैल सोडून नेला. मी वाशिमकडच्या मालेगावच्या बाजारातून दुसरा आणला. पण डाव्या बैलानं त्याला जोडीदार मानलं नाही. जुंपलं की शिंग मारी. शेवटी तो नवा बैल विकला, आणि पुढं बरेच दिवस मी बाजारात पायी गेलो.